उमरे गुरुजी आणि न काढलेल्या चित्राचे गुण

श्री. गणपतराव उमरे यांची आणि माझी पहिली भेट दिग्रसच्या कापूस बाजारात झाली. आमचा जिल्हा नव्याने मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात मी येथील अध्यापन विद्यालयात मानसशास्त्र शिकवण्यासाठी रुजू होत होतो. मोटारीतून उतरलो, ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली आणि बाजारातून वाट काढत निघालो, तेव्हा कापसाच्या एका गंजीभोवती लोक जमलेले दिसले. काही तरुण डोळ्यांना रुमाल बांधून गंजीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. त्यांच्यातच पांढरी टोपी घातलेले, किडकिडीत, पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ तसेच डोळे बांधून उभे होते. गादीवरून अडत्या ओरडला, "काय गुरुजी, पोट्ट्यायले आंधळे करून राह्यले का? आंधळी कोशिंबीर खेळाले माझीच गंजी सापडली?"

रुमाल न सोडता ते गृहस्थ म्हणाले, "शेठजी, गंजी आतून ओली लागते. आम्हाला काही घेणं नाही, फक्त कानावर घालतो."

सगळा बाजार हसला. अडत्याही हसला, पण जरा उशिराने. मग त्या गृहस्थांनी रुमाल सोडला, माझ्या ट्रंकेकडे आणि चष्म्याकडे पाहिले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, "चला, नवीन मानसशास्त्र आलं आहे. त्यांना घेऊनच जाऊ." हेच आमच्या विद्यालयाचे कलाशिक्षक उमरे गुरुजी. विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी कापसाचे चित्र काढायचे होते. काढण्याआधी त्यांनी तो हाताने पाहावा, एवढाच त्या खेळाचा हेतू होता.

गुरुजींना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथासाठी लेख मागण्यात आला तेव्हा मी पुष्कळ दिवस टाळाटाळ केली. गुरुजींच्या कामाविषयी लिहायचे तर त्यांच्या हातून घडलेल्या एका मोठ्या चुकीविषयी लिहावे लागते, आणि अशा ग्रंथात ते शोभेल की नाही याची मला खात्री नव्हती. शेवटी मी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "त्या मुलाबद्दल लिहिणार असाल तर लिहा. नाहीतर तुमचं पान कोरं गेलं तरी मला चालेल." ज्याच्याविषयी ते बोलत होते त्यालाही मी भेटून विचारले. त्याने जेवढी परवानगी दिली तेवढेच येथे आले आहे. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे आडनाव आणि गाव मी लिहीत नाही.

आधी गुरुजींचे काम सांगतो, कारण चूक त्या कामातूनच झाली.

आमच्या विद्यालयातून प्राथमिक शाळांचे शिक्षक तयार होत. त्यांना चित्रकला हा विषय उत्तीर्ण व्हावाच लागे. त्याची परीक्षा पूर्वी फार सोपी होती आणि फार निर्जीव होती. भिंतीवर छापील तक्ता टांगायचा. त्यात एक फुलदाणी, एक कमळ, नाहीतर दोन पुस्तकांवर ठेवलेला कंदील असे. ते हुबेहूब उतरवायचे. रेघ सरळ, कागद स्वच्छ, सावली एका बाजूने. गुरुजींनी स्वतः असेच शिकून पदविका मिळवली होती आणि त्यांचा हात इतका बसलेला होता की बोलता बोलता ते फळ्यावर एका दमात गोल वर्तुळ काढीत. पण ते म्हणत, "ज्या मास्तरानं आयुष्यभर दुसऱ्याचा कंदील काढला, तो पोरांना काय शिकवणार? त्यांच्या घरचा दिवा कसा दिसतो हे त्यानं कधी पाहिलंच नाही."

म्हणून त्यांनी दोन-तीन वर्षे खपून परीक्षेची नवी रीत बसवली. विद्यार्थ्याने आधी एखादे काम अंगाने अनुभवायचे. माती तुडवायची, टोपली विणायची, कापूस वेचायचा. मग त्यावरून चित्र किंवा मातीकाम करायचे. आणि शेवटी सगळ्या वर्गासमोर आपल्या कामाजवळ उभे राहून बोलायचे. यालाच आम्ही 'पाहणीचा तास' म्हणत असू. निम्मे गुण हाताच्या कामाला, निम्मे या बोलण्याला. गुरुजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत: "हे करण्याआधी तुम्हाला काय माहीत नव्हतं?"

या तासांना मी मुद्दाम बसत असे. मानसशास्त्राच्या पुस्तकात मला जे सापडत नव्हते ते तेथे घडताना दिसे. एकदा शेतकरी घरातल्या एका विद्यार्थ्याने वखराला जुंपलेला बैल काढून आणला. मागून आवाज आला, "अबे, पाच पाय काढले का बैलाले?"

"पाचच दिसले मले," तो म्हणाला.

"बैल होय का खेकडा?"

"तू कधी वखरामागं चालला का? मागून पाह्यलं त पुढचा पाय उचलते तवा दोनदा दिसते. एक टेकलेला, एक उचललेला. मी इतके वर्स चाललो बैलामागं, मले कधी समजलंच नाही."

वर्ग हसत होता. गुरुजी हसले नाहीत. ते उठून त्या चित्राजवळ गेले, बराच वेळ पाहत राहिले आणि त्याला त्या दिवशीचे सर्वांत जास्त गुण दिले. तक्त्याच्या परीक्षेत हाच विद्यार्थी नापास झाला असता.

दुसरा विद्यार्थी तांड्यावरचा रामसिंग. त्याला रेघ सरळ ओढताच येत नसे. तक्त्याच्या परीक्षेत तो आधी दोनदा नापास होऊन घरी जाण्याच्या बेतात होता. त्याने आईच्या ओढणीवरचे आरशांचे भरतकाम अगदी जवळून काढले. एकच टाका, पानभर मोठा. मागची बाजू वेगळ्या कागदावर. त्याला प्रश्न विचारल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, याडी उलट्या बाजूनं भरते. आरसा तिले भरताना दिसतच नाही. मी आतापर्यंत समजत होतो, पाहून भरते." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. रामसिंग उत्तीर्ण झाला. आज तो पुसद भागात शिक्षक आहे.

हे सारे पाहून शिक्षण खात्याने आमच्या विद्यालयापुरती ही रीत प्रयोग म्हणून मंजूर केली. यश आले तर ती इतर विद्यालयांत नेण्याचा विचार होता. गुरुजींनी तिच्यात एक नियम स्वतः आग्रहाने घालून घेतला होता. दोन्ही भागांत वेगवेगळे उत्तीर्ण व्हायलाच हवे. कोणी नुसत्या नेटक्या हातावर निभावून जाऊ नये, हा त्यामागचा विचार. नियम वाचून दाखवताना ते किती समाधानी होते हे मला आठवते.

गुरुजींचा एक स्वभावविशेष येथे सांगायला हवा. ते कोणत्याही विद्यार्थ्याला अरे-तुरे करीत नसत. वसतिगृहात पाणी भरण्यावरून भांडणारी ही अठरा-वीस वर्षांची मुले त्यांना 'रामसिंगजी', 'सुखदेवजी' असत. एका सहकाऱ्याने थट्टा केली, तेव्हा ते म्हणाले, "उद्या यांना गावातली पोरं गुरुजी म्हणणार आहेत. ऐकायची सवय आजपासून लागू द्या." गुरुजी ज्याच्याबद्दल लिहा म्हणाले तो मुलगा म्हणजे हा सुखदेव. त्याने मला सांगितले की, त्याच्या नावापुढे 'जी' लावणारा तो पहिला माणूस. म्हणून पुढचे त्याला अधिक लागले.

सुखदेव राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. त्याच्या घराण्याकडे गावातली मेलेली ढोरे ओढून नेण्याचे काम परंपरेने लादलेले होते. छप्पन साली त्याच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्याच आठवड्यात ते काम टाकले. गावाने उत्तर दिले. वावरातली मजुरी बंद झाली, चक्कीवर दळण घेईनात, वाण्याने सामान देणे सोडले. घरातला शिकलेला एकटा सुखदेव. तो शिक्षक झाला, सरकारी नोकरीत लागला, की गावाच्या मेहेरबानीवर जगावे लागणार नाही, या एका आशेवर ते घर ती वर्षे काढत होते. प्रमाणपत्राचा अर्थ त्या घरात असा होता.

त्या वर्षीच्या अंतिम परीक्षेला गुरुजींनी विषय दिला: 'माझ्या घरचे काम'. हिवाळ्याच्या सुटीत घरी जा, ते काम पुन्हा करा, नीट पाहा, मग काढा. विषय देताना त्यांच्या मनात कोणताही वाईट हेतू नव्हता हे मी खात्रीने सांगू शकतो. त्यांना वाटत होते, तक्त्यापुढे सगळी मुले सारखीच गरीब असतात आणि घरच्या कामापुढे प्रत्येक जण श्रीमंत असतो.

पुढे जे झाले तेव्हा मी त्या खोलीत नव्हतो. शेजारच्या वर्गात माझ्या विषयाची तोंडी परीक्षा चालू होती. मी ते आधी गुरुजींकडून आणि बऱ्याच वर्षांनी सुखदेवकडून ऐकले. दोघांच्या सांगण्यात एकाच जागी फरक आहे, तो मी त्या ठिकाणी सांगतो.

सुखदेवने तक्त्यातली फुलदाणी काढून आणली होती. अतिशय सुरेख. सावली इतकी नेटकी की छापील तक्ताच चिकटवला आहे असे वाटावे. गुरुजी म्हणाले, "सुखदेवजी, हे तर भिंतीवरचं आहे."

"हो जी."

"घरचं काम कुठं आहे?"

"घरी आता काम नाही जी."

"पूर्वी होतं ना?"

मागून कोणीतरी कुजबुजले, "ढोर ओढाचं काढ ना बे." दोघे-तिघे हसले. गुरुजींनी त्या मुलाला तत्काळ वर्गाबाहेर काढले. आणि मग सुखदेवकडे वळून ते जे बोलले ते त्यांच्या मते उत्तेजन होते. "त्यांच्या हसण्याकडे पाहू नका. तेच काढा. तुमच्याजवळ जे आहे ते या खोलीत कोणाजवळ नाही. ते काढाल तर तुम्ही पहिले याल."

"नाही काढत जी."

"का?"

"थे काम माह्या बापानं टाकलं. टाकलं म्हून आमचं सारं बंद झालं. आता तुम्ही म्हणता, थे पुन्हा उचलून आण, इथं सगळ्याइसमोर मांड. अन् मंग तुम्ही सांगसान, कितीचं झालं."

गुरुजी म्हणतात की ते यावर चिडले आणि आवाज चढवून म्हणाले, मग या भागाला गुण देता येणार नाहीत. सुखदेव म्हणतो, ते चिडले नाहीत. अगदी हळू बोलले, समजावून बोलले, आणि त्याला तेच सहन झाले नाही. "चिडले असते त मीही चिडलो असतो," तो मला म्हणाला. "थे माह्यावर दया करून राह्यलते." कोणाचे खरे, हे मी ठरवत नाही. मला वाटते, आपापल्या जागी दोघेही आपल्याला अधिक दुखवणारी आठवण धरून बसले आहेत.

गुरुजींनी नियमाप्रमाणे बोलण्याच्या भागात शून्य लिहिले. निकाल लागला. त्या वर्षी चित्रकलेत नापास झालेला सुखदेव एकटाच. तो निकाल पाहायला थांबलाच नव्हता.

काही दिवसांनी खात्याचे एक अधिकारी विद्यालयात आले. त्यांनी चित्रे पाहिली, निकाल पाहिला आणि गुरुजींचे मनापासून अभिनंदन केले. ते म्हणाले, "आम्हाला शंका होती की असल्या पद्धतीत सगळेच पास होतील. एक जण नापास झाला, याचा अर्थ पद्धतीला धार आहे." प्राचार्यांनी पेढे मागवले. गुरुजींनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून उभे राहिले. मी शेजारी होतो. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काही बदलले असे म्हणणे सोपे आहे, पण मला तसे काही दिसले नाही. मला दिसला तो फक्त हात. पेढा चुरला जाऊन बोटांतून खाली पडत होता आणि त्यांना ते कळत नव्हते.

संध्याकाळी ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, "राळेगावला जायचं आहे. येता का?"

आम्ही मोटारीने राळेगावला आणि तेथून भाड्याच्या सायकलींवर त्या खेड्यात गेलो. सुखदेवचे वडील किसनजी घरापुढे बसले होते. गुरुजींनी आपले नाव सांगितले. म्हातारा उठला नाही. नीट पाहून म्हणाला, "म्हणजे तुम्हीच थे."

"हो. मी सुखदेवजींना न्यायला आलो. माझी चूक झाली."

"तो नाही इथं. राजूरले गेला, कोळशाच्या खाणीत. वळखीचा माणूस होता एक तिकडं." मग म्हणाला, "गुरुजी, एक विचारू? तुमच्या घरचं काम कोणतं होतं?"

"वडील पटवारी होते."

"थे काढलं का तुम्ही कधी?"

वडिलांच्या पटवारकीचे किस्से त्यांनी मला अनेकदा सांगितले होते, आणि ते सगळेच काही अभिमानाने सांगण्यासारखे नव्हते. पण त्यांनी ते कधी काढले नव्हते, आणि कोणी त्यांना काढायला लावलेही नव्हते.

उन्हातून आलो होतो. गुरुजींनी पाणी मागितले. सुखदेवची आई तांब्या घेऊन बाहेर आली, पण तिने तो लगेच पुढे केला नाही. म्हणाली, "घ्या जी, पाणी घ्या. पण इथं पाणी पेलो म्हून गावोगाव सांगत फिरू नका. लई लोक येऊन जाते पाणी प्याले." गुरुजी प्यायले. त्यांनी हे कधी कोणाला सांगितले नाही. मी येथे लिहितो आहे ते सुखदेवला विचारून.

परत आल्यावर गुरुजींनी गुण बदलण्यासाठी अर्ज केला. परीक्षकाला स्वतः दिलेले गुण बदलता येत नाहीत, असे उत्तर आले. मग त्यांनी दुसरा अर्ज केला, आणि त्याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली. त्यांनी लिहिले की, ही पद्धत आहे तशी कोठेही लागू करू नये. तिच्यात विद्यार्थ्याला नकाराचा हक्क नाही. कोणता अनुभव कागदावर आणायचा आणि कोणता आणायचा नाही हे त्यानेच ठरवले पाहिजे. विद्यार्थ्याने जे दाखवले त्याला गुण द्यावेत, जे दाखवले नाही त्याला शून्यसुद्धा देऊ नये. तो मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला तेव्हा मी म्हटले, "गुरुजी, खाते विचारील की मग मोजायचे काय?" ते म्हणाले, "तेच मला कळेनासं झालं आहे. कळत नाही तोपर्यंत मोजू नये."

खात्याला असे उत्तर चालण्यासारखे नव्हते. प्रयोग बंद झाला. पुढच्या वर्षी भिंतीवर पुन्हा तक्ता लागला. कलाशिक्षणाच्या समितीवर गुरुजींचे नाव जाणार होते, ते गेले नाही. विद्यालयातले बरेच सहकारी त्यांच्यावर नाराज झाले. "एका पोट्ट्यापायी सारी योजना बुडवली," असे ते उघड बोलत. त्यांचे म्हणणे अगदी खोटे होते असे मला आजही म्हणवत नाही. सुटीत भेटायला आलेल्या रामसिंगने तर सरळ विचारले, "गुरुजी, तक्ता परत आला. आता माह्यासारखा पोट्टा आला त त्याचं काय? तो त नापासच होईन ना?" गुरुजी म्हणाले, "होईल." एवढेच म्हणाले. एकाला न्याय देताना दुसऱ्याची वाट बुजली हे त्यांना दिसत होते आणि त्यावर त्यांच्याजवळ उपाय नव्हता. गेल्या दहा वर्षांत मी हा प्रश्न मनात अनेकदा उलटसुलट केला. पद्धत दुरुस्त करून ठेवता आली नसती का? आली असती, जर दुरुस्तीपर्यंत थांबायला कोणी तयार असते. कोणी नव्हते.

सुखदेवसाठी फेरपरीक्षेची सोय होती. गुरुजी राजूरला गेले. सुखदेव खाणीवरून येत होता. अंगभर कोळशाची काळी धूळ, हातात जेवणाचा डबा. तो थांबला. गुरुजींनी फेरपरीक्षेचे सांगितले. तो म्हणाला, "पुन्हा तुमच्यासमोर उभा राहू?"

"माझ्यासमोर नाही. परीक्षक म्हणून माझं नाव मी काढून घेतलं आहे. मी खोलीत नसेन."

"पाहातो जी," एवढे बोलून तो गेला.

फेरपरीक्षेच्या दिवशी गुरुजी सकाळपासून विद्यालयाच्या फाटकाशी उभे होते. यवतमाळकडून येणारी मोटार तेथेच थांबे. ऊन तापले तसे मी त्यांना आत बोलावले, ते आले नाहीत. एका मोटारीचा कंडक्टर ओळखीचा होता. त्याने खिडकीतून विचारले, "कोणाची वाट पाहून राह्यले, गुरुजी?"

"परीक्षेला येणार आहेत एक जण."

"मंग येतीन ना पुढच्या गाडीनं. कायले उन्हात तपता?"

पुढच्या गाडीने कोणी आले नाही. परीक्षा सुटल्याची घंटा झाली तेव्हा गुरुजी फाटकाजवळच्या दगडावर बसलेले होते. मी जवळ गेलो. ते म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी." आणि थोड्या वेळाने, "नाही. बरोबर नाही. पण त्यांच्या जागी मीही आलो नसतो." त्यानंतर सुखदेवला शिक्षक होण्याची संधी राहिली नाही. वयाची आणि मुदतीची अट ओलांडली गेली.

गुरुजी यानंतर थांबले असे मात्र नाही. परीक्षक म्हणून ते पुन्हा कधी बसले नाहीत, पण शनिवारी दुपारी कलाखोली उघडी ठेवू लागले. ज्याला यायचे तो येई, जे करायचे ते करी. काय केले हे सांगायचे असेल तर सांगे. गुण नव्हते, विषय नव्हता. त्या खोलीतून बाहेर पडलेले कितीतरी शिक्षक आज आपल्या शाळांत तशीच एक दुपार मोकळी ठेवतात. हे काम कोणत्याही अहवालात नाही.

त्या खोलीचा मी स्वतः ऋणी आहे. माझी धाकटी मुलगी विषमज्वराने गेली, तेव्हा भेटायला येणारे सगळे काही ना काही बोलत. गुरुजी आले, बसले, आणि उठताना म्हणाले, "चला माझ्याबरोबर." कलाखोलीत त्यांनी ओल्या मातीचा गोळा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मळा." मी मळत राहिलो. शाळा सुटल्यावर रोज जात असे. काही बनवत नसे. निघताना ते गोळा परत हौदात टाकीत, वर ओले पोते झाकीत. एकदा शिपायाने विचारले, "साहेब काय बनवून राह्यले?" गुरुजी म्हणाले, "माती मळून राह्यले." त्यांनी मला एकदाही विचारले नाही की माझ्या मनात काय चालले आहे. पूर्वीच्या गुरुजींनी विचारले असते. आस्थेनेच विचारले असते. न विचारण्याचा हा धडा त्यांना कोणाकडून आणि कोणत्या किमतीला मिळाला होता, हे मला माहीत होते.

दर उन्हाळ्याच्या सुटीत गुरुजी राजूरला जातात. आधी सुखदेव 'ड्युटी आहे' म्हणून निघून जाई. पुढे बाजेवर बसा म्हणू लागला. मग चहा. त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. ते बोलतात ते पावसापाण्याचे, खाणीतल्या कामाचे. परीक्षेचा विषय दोघेही काढत नाहीत. या वर्षी गुरुजींना जाता आले नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि दमही लागतो. म्हणून गौरवसमारंभाचे निमंत्रण घेऊन मी गेलो.

सुखदेव आता तिशीला आला आहे. कपाळावर खाणीतल्या जखमेची निळसर खूण आहे. निमंत्रण त्याने वाचून परत माझ्या हातात दिले.

"येतो म्हून लिहू नका," तो म्हणाला. "येत नाही म्हूनही लिहू नका."

मी त्याला या लेखाविषयी सांगितले, कोणकोणत्या गोष्टी लिहिणार आहे ते सांगितले. काही जागी त्याने नको म्हटले, त्या मी गाळल्या आहेत. शेवटी म्हणाला, "लिहा. माणूस चांगला आहे, हे लिहा. इतके वर्स उन्हातान्हाचा येते, हे लिहा. पण मी त्यायले माफ केलं, असं नका लिहू. अशा पुस्तकात शेवटी तसं लिहितात ना? मी केलं नाही अजून. करीन का नाही, मले ठाऊक नाही. मले टाइम पाह्यजे."

मी म्हटले, तसेच लिहीन.

तो मला मोटारीपर्यंत पोहोचवायला आला. मोटार सुरू झाली तेव्हा खिडकीजवळ येऊन त्याने विचारले, "लई थकले का गुरुजी?"

मी डोळ्याचे आणि दम लागण्याचे सांगितले.

तो म्हणाला, "मंग मले घाई करा लागते काय?"

मोटार निघाली.

उमरे गुरुजींच्या साठाव्या वर्षी त्यांचे विद्यार्थी, सहकारी आणि स्नेही त्यांच्यासाठी जे जे चांगले चिंततील त्यात माझेही चिंतन आहे. त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट होवो, शनिवारची खोली त्यांच्या हातून उघडत राहो. पण मी त्यांच्यासाठी दीर्घ आयुष्य मागतो ते एवढ्यासाठीच नाही. राजूरच्या एका माणसाला वेळ हवा आहे, आणि नकाराचा त्याचा हक्क गुरुजींनी स्वतः अर्जात लिहून मान्य केला आहे. त्याला घाई करावी लागू नये, इतके आयुष्य गुरुजींना मिळावे.